दीर्घिकांच्या जोड्या : प्रकल्प नोंदी, सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५

११ सप्टेंबर २०२४

संख्याशास्त्राच्या दोन विद्यार्थिनी आणि भौतिकशास्त्राचा एक विद्यार्थी यांचा पदव्युत्तर प्रकल्प आज कागदावर ठरला. त्यांनी सुचवलेले भारदस्त शीर्षक मी खोडले आणि त्याऐवजी एकच प्रश्न लिहून घेतला : निव्वळ योगायोगाने जितक्या वेळा दोन दीर्घिका एकमेकींपासून ठरावीक अंतरावर सापडायला हव्यात, त्यापेक्षा प्रत्यक्षात त्या किती अधिक वेळा सापडतात? या आधिक्याचे अंतरागणिक मोजमाप म्हणजे द्विबिंदू सहसंबंध फल. त्याचे मूल्य शून्य आले तर त्या अंतरावरची मांडणी यादृच्छिक मांडणीहून वेगळी नाही, एक आले तर जोड्या दुप्पट आहेत, आणि उणे एक आले तर त्या अंतरावर एकही जोडी नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावात दुर्बिणीविना हे काम होते, याचे कारण निरीक्षणे दुसऱ्यांनी घेऊन सर्वांसाठी खुली केली आहेत. न्यू मेक्सिकोतील अपाचे पॉइंट येथील २.५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने केलेल्या स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाश-सर्वेक्षणाची सातवी आवृत्ती आम्ही घेत आहोत. ती जुनी आहे, पण तिच्यावर इतके काम झालेले आहे की आमचे उत्तर ताडून पाहता येईल. शिकण्याच्या प्रकल्पाला हेच सोयीचे.

हा विषय मुळात संख्याशास्त्राचा आहे, हे विद्यार्थिनींना आवर्जून सांगितले. हबलने १९३४ मध्ये आकाशाच्या वेगवेगळ्या तुकड्यांतील दीर्घिका मोजल्या, तेव्हा त्या संख्यांपेक्षा त्यांचे लॉगरिदम प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणाच्या अधिक जवळ जातात असे त्याला दिसले. पुढे १९५० च्या दशकात जेर्झी नेमन आणि एलिझाबेथ स्कॉट यांनी दीर्घिकांच्या समूहांचे संभाव्यताशास्त्रीय प्रारूप मांडले. परिकल्पना चाचणीच्या धड्यात ज्याचे नाव येते तोच हा नेमन, हे कळल्यावर वर्गात थोडी चुळबुळ झाली.

२४ सप्टेंबर २०२४

नमुना निश्चित केला. सर्वेक्षणाची मुख्य यादी लाल पट्ट्यातील १७.७७ दृश्य प्रतीपर्यंतची आहे (दृश्य प्रत म्हणजे आकाशात दिसणारे तेज; आकडा मोठा तितका पदार्थ मंद). म्हणजे जवळच्या मंद दीर्घिका तीत येतात, पण तितक्याच मंद असलेल्या दूरच्या दीर्घिका गळतात. ही गळती तशीच ठेवून जोड्या मोजल्या, तर दुर्बिणीची मर्यादा विश्वाची रचना म्हणून दिसू लागेल. म्हणून उणे २० निरपेक्ष प्रतीपेक्षा (म्हणजे अंतर वगळून मोजलेल्या खऱ्या तेजाने) तेजस्वी अशाच दीर्घिका घ्यायच्या, आणि त्या सर्वच्या सर्व दिसतात तितक्याच अंतरापर्यंत, म्हणजे सुमारे ०.१ ताम्रसृतीपर्यंत जायचे, असे ठरले. ताम्रसृती म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे दीर्घिकेचा वर्णपट लाल बाजूला किती सरकला याचे प्रमाण; त्यावरून अंतर काढतात. यात माहिती बरीच टाकून द्यावी लागते. विद्यार्थ्यांना ते जिवावर आले, पण उरलेल्या लाखभर दीर्घिका आमच्या संगणकाला पुष्कळ आहेत.

या नोंदींतील सर्व अंतरे हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर, प्रत्येक मेगापार्सेकला (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षे) सेकंदाला १०० किलोमीटर मानून दिलेली आहेत, कारण प्रकाशित कामांत तीच रीत आहे. स्थिरांक ७० च्या आसपास धरला तर प्रत्येक अंतर सुमारे १.४ पट होते. ०.१ ताम्रसृतीचे अंतर नुसत्या हबलच्या नियमाने ३०० मेगापार्सेक येते. द्रव्याचा वाटा ०.३ असलेले सपाट विश्व धरले की ते २९३ च्या आसपास उतरते. आम्ही दुसरे घेतो.

५ ऑक्टोबर २०२४

आकाशाला हात घालण्यापूर्वी आमची आज्ञावली ज्यांचे उत्तर आधीच माहीत आहे अशा मांडण्यांवर तपासायची होती. यादृच्छिक बिंदू संगणकानेच तयार केले. उरलेल्या दोन मांडण्या एका विद्यार्थिनीच्या गावी, तिच्या वडिलांच्या वावरात आणि शेजारच्या ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीत मिळाल्या.

वावरात पऱ्हाटी (कपाशी) चौफुलीवर, म्हणजे आडव्या-उभ्या ओळी जिथे छेदतात तिथे, टोबलेली होती. टेप लावून एका तुकड्यातील प्रत्येक झाडाची जागा नोंदवली. तिचे फल अपेक्षेप्रमाणे आले : दोन झाडांतील किमान अंतरापेक्षा कमी अंतरावर उणे एक, त्यानंतर ओळींच्या अंतरावर आणि त्यांच्या कर्णांच्या अंतरावर एकामागून एक उंच टोके. जिथे सरकी उगवलीच नव्हती आणि नांग्याही भरलेल्या नव्हत्या तिथे रिकाम्या जागा होत्या, तरी टोकांच्या जागा हलल्या नाहीत, कारण ती गळ इकडेतिकडे विखुरलेली होती. हे मुद्दाम लिहून ठेवतो. गळ जर एखाद्या चिबडलेल्या पट्ट्यातच असती आणि आपल्याला त्या पट्ट्याची माहिती नसती, तर गोष्ट वेगळी झाली असती.

ई-क्लास जमिनीतील पळसाचे चित्र याच्या उलट निघाले. पळस मुळांवरच्या फुटव्यांनीही पसरतो, त्यामुळे झाडे झुबक्यांनी असतात. काही मीटरपर्यंत फल मोठे आणि धन आले, पुढे ते झपाट्याने शून्याकडे गेले. नेमन आणि स्कॉट यांचे प्रारूपही याच धर्तीचे आहे : आधी केंद्रे यादृच्छिक टाकायची, मग प्रत्येक केंद्राभोवती सभासद विखरायचे.

या तुकड्याच्या एका बाजूने नाला वाकडातिकडा जातो, आणि आम्हाला ही जागा हवी होती ती त्याच्यासाठीच. तुलनेसाठीचे यादृच्छिक बिंदू आधी मुद्दाम पूर्ण आयतात टाकले, म्हणजे काही नाल्यातही पडले. मग नाल्याचा काठ मोजून बिंदू फक्त जमिनीवर टाकले. पहिल्या गणितात दूरच्या अंतरांवरही फल शून्यावर येईना, जणू झाडांचे झुबके अख्ख्या जमिनीएवढे आहेत. दुसऱ्यात ते आधिक्य नाहीसे झाले. झाडांच्या जागा दोन्ही वेळा त्याच होत्या. झाड जिथे उगवूच शकत नव्हते ती जागा हिशेबात धरली की उरलेली जमीन दाट दिसू लागते, एवढाच त्याचा अर्थ.

१६ ऑक्टोबर २०२४

आकाशातला नाला शोधण्याचे काम सुरू केले. सर्वेक्षणाची सीमा म्हणजे अॅल्युमिनियमच्या गोल चकत्यांनी आकाशावर टाकलेल्या ठिगळांची गोधडी आहे. प्रत्येक चकतीला छिद्रे पाडून त्यांत ६४० प्रकाशतंतू बसवत आणि एकेक तंतू एकेका पदार्थाचा वर्णपट घेई. चकत्या कुठे एकमेकींवर येतात, कुठे येत नाहीत. तेजस्वी ताऱ्यांभोवतीचा भाग वगळावा लागतो. काही भागांत निवडलेल्या सर्व दीर्घिकांचे वर्णपट मिळाले, काहींत मिळाले नाहीत. या सगळ्याचा एकत्र नकाशा तयार मिळतो, आणि गोलावरील बहुभुजांच्या रूपात तो हाताळणारी मँगल नावाची आज्ञावलीही उपलब्ध आहे. बहुभुजागणिक पूर्णतेचे प्रमाण घेऊन त्याच प्रमाणात यादृच्छिक बिंदू टाकायचे, आणि त्यांना अंतरेही अशी द्यायची की घनफळागणिक घनता सारखी राहील. दीर्घिकांच्या दहापट बिंदू घेत आहोत, म्हणजे त्यांच्या संख्येतून येणारी अनिश्चितता दीर्घिकांच्या मानाने किरकोळ राहते.

या कामाला विद्यार्थी कंटाळले, आणि त्यांना दोष देता येत नाही. दीर्घिकांची यादी उतरवून घ्यायला एक दुपार पुरली. जिथे काहीच नाही त्या बिंदूंची यादी नीट करण्यात दिवाळीपूर्वीचे उरलेले दिवस जातील असे दिसते. माझ्या मते मात्र प्रकल्पाचा कस इथेच आहे. सहसंबंध फलाचे उत्तर जितके दीर्घिकांच्या यादीवर अवलंबून असते तितकेच या रिकाम्या यादीवर, आणि दीर्घिकांची यादी जगाने हजारदा तपासलेली असली तरी रिकामी यादी आमची आम्हालाच तपासायची आहे.

एक अडचण मात्र यादृच्छिक बिंदूंनी सुटत नाही. एकाच चकतीवर दोन तंतू ५५ विकलांपेक्षा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) जवळ बसवता येत नसत, त्यामुळे दाट समूहांतील काही दीर्घिका, एकूण निवडीच्या सुमारे सहा टक्के, वर्णपटाविना राहिल्या. आमच्या नमुन्याच्या दूरच्या टोकाला ५५ विकला म्हणजे सुमारे ०.०८ मेगापार्सेक. जवळच्या शेजारणीची ताम्रसृती उसनी देण्याची पद्धत आहे. ती वापरू, पण ०.१ मेगापार्सेकच्या आतील उत्तर अहवालात देणार नाही.

१३ नोव्हेंबर २०२४

सोयाबीनची सोंगणी, दिवाळी आणि आता विधानसभा निवडणुकीचे प्रशिक्षण यांतून जेवढे झाले तेवढे असे : एक लाख दीर्घिकांच्या आपसातील जोड्या सुमारे ५०० कोटी, दीर्घिका आणि दहा लाख यादृच्छिक बिंदू यांच्या जोड्या १० हजार कोटी, यादृच्छिकांच्या आपसातील ५० हजार कोटी. सरळ दुहेरी फेरा लावला तर आमच्या प्रयोगशाळेतील संगणकाचे काम संपायचे नाही. अवकाशाचे घनाकार खण पाडून फक्त शेजारच्या खणांतील जोड्या तपासल्या की काम आवाक्यात येते, कारण आम्हाला दूरच्या जोड्यांची गरजच नाही. हे तयार स्वरूपात करणारी कॉरफंक ही आज्ञावली आहे. पण पऱ्हाटीवर तपासलेली स्वतःची आज्ञावली आधी चालवायची आणि मग दोहोंची उत्तरे ताडायची, असा क्रम ठेवला. वीज गेली तरी मधली बेरीज राहावी म्हणून ती ठरावीक वेळाने फाइलीत उतरते.

सूत्र लँडी आणि सॅले यांचे १९९३ चे : दीर्घिका–दीर्घिका जोड्यांतून दीर्घिका–यादृच्छिक जोड्यांची दुप्पट वजा करायची, त्यात यादृच्छिक–यादृच्छिक जोड्या मिळवायच्या आणि त्यांनीच भागायचे, प्रत्येक संख्या आधी आपापल्या एकूण जोड्यांनी भागलेली. पूर्वीचे सूत्र पहिल्या आणि शेवटच्या संख्येच्या भागाकारातून एक वजा करण्याइतके सोपे होते. नव्या सूत्राचा लाभ असा की नमुन्याच्या काठामुळे आणि सरासरी घनतेच्या अंदाजामुळे येणारी चूक पहिल्या क्रमाला कटते. नाल्याच्या जमिनीवर दोन्ही सूत्रे चालवून विद्यार्थिनीने हा फरक आकृतीत दाखवला. ती आकृती अहवालात जाईल.

४ डिसेंबर २०२४

पहिली वक्ररेषा आली. लघुगणकीय कागदावर ती मध्यभागी जवळपास सरळ आहे, म्हणजे फल अंतराच्या घातानुसार घटते. ताडून पाहण्यासाठी इडिट झेहावी आणि सहकाऱ्यांचे २००२ चे उत्तर समोर ठेवले : याच सर्वेक्षणाच्या सुरुवातीच्या २९,३०० दीर्घिकांवरून त्यांना ६.१ मेगापार्सेकवर फल एक होते असे आढळले आणि घातांक उणे १.७५ मिळाला. या सूत्राने १ मेगापार्सेक अंतरावर यादृच्छिकाच्या वर सुमारे २४ पट जोड्या निघतात, तर १० मेगापार्सेकवर आधिक्य ४२ टक्क्यांवर येते.

आमची रेषा या उत्तरापेक्षा जवळच्या अंतरांवर बरीच खाली आणि दूरच्या अंतरांवर किंचित वर आहे, आणि ती तशीच असायला हवी. आम्ही अंतर ताम्रसृतीवरून काढतो, आणि ताम्रसृतीत विश्वाच्या प्रसरणाबरोबर दीर्घिकेचा स्वतःचा वेगही मिसळलेला असतो. समूहातील दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरने फिरत असली तर ती दृष्टिरेषेवर १० मेगापार्सेक पुढे किंवा मागे दिसते. गोल समूह आपल्याकडे रोखलेल्या बोटासारखा लांबतो आणि जवळच्या जोड्या तुटतात. मोठ्या अंतरांवर याच्या उलट, दाट भागाकडे ओढल्या जाणाऱ्या दीर्घिकांमुळे रचना दृष्टिरेषेच्या दिशेने चपटी दिसते. हा परिणाम निक कायझर यांनी १९८७ मध्ये गणिताने मांडला आणि आता तोच गुरुत्वाकर्षण मोजण्याचे साधन झाला आहे. आम्हाला तो सध्या नको आहे. म्हणून जोडीचे अंतर दृष्टिरेषेला समांतर आणि लंब अशा दोन भागांत मोजून समांतर दिशेने ६० मेगापार्सेकपर्यंत बेरीज घ्यायची. मग वेगांचा परिणाम बव्हंशी पुसला जातो.

२७ डिसेंबर २०२४

बेरीज घेतलेली वक्ररेषा प्रकाशित उत्तराशी जुळते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने प्रकल्प संपला. माझ्या दृष्टीने आता सुरू झाला, कारण या रेषेला अजून त्रुटी, म्हणजे प्रत्येक मूल्य किती वरखाली असू शकते याच्या मर्यादा, लावलेल्या नाहीत.

जोड्यांच्या संख्येचे वर्गमूळ ही त्रुटी नव्हे. एकच दीर्घिका हजारो जोड्यांत येते, म्हणून जोड्या स्वतंत्र नाहीत. शिवाय शेजारच्या अंतरांवरची मूल्ये एकाच रचनेतून आलेली असल्याने एकत्रच वरखाली होतात. डिसेंबरअखेर जाहीर होणाऱ्या पैसेवारीवरून गावात नेहमी वाद होतो, त्यातला एक मुद्दा इथेही लागू आहे : पीक कापणीचे सर्व प्रयोग नाल्याकाठच्या खोल जमिनीत घेतले, तर प्रयोगांची संख्या कितीही वाढवली तरी बरड जमिनीबद्दल काहीच कळत नाही.

आकाशाचे सारख्या क्षेत्रफळाचे शंभर तुकडे पाडले आणि प्रत्येक वेळी एक तुकडा वगळून सर्व गणित पुन्हा केले. या उत्तरांच्या सरासरीपासूनच्या वर्गांतरांची बेरीज ९९ ने गुणून १०० ने भागली की प्रचरण, म्हणजे अनिश्चिततेचा वर्ग, मिळते (एकेक तुकडा वगळण्याच्या या पद्धतीला जॅकनाइफ म्हणतात); एरवीच्या सूत्रासारखी ती एकाने कमी संख्येने भागायची नसते, कारण वगळून मिळालेली उत्तरे एकमेकांसारखीच असतात आणि त्यांचा विखुरलेपणा मुळातच लहान असतो. पीडर नॉरबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कृत्रिम विश्वांवर ही पद्धत तपासली, तेव्हा मोठ्या अंतरांवर ती प्रचरण बरोबर देते पण लहान अंतरांवर ते फुगवते, असे त्यांना आढळले. आमच्या लहान अंतरांवरील त्रुटी म्हणून थोड्या ढिल्या समजाव्यात.

आमच्याकडे अंतराचे पंधरा खण आहेत, म्हणून पंधरा बाय पंधराची सहप्रचरण मॅट्रिक्स, म्हणजे कोणते खण किती एकत्र वरखाली होतात याचा तक्ता. तिचा व्यस्त घेऊन काय-वर्ग (प्रारूप आणि मोजमाप किती जुळतात याचे माप) काढायचा तर आणखी एक सुधारणा लागते, कारण मर्यादित नमुन्यांतून काढलेल्या मॅट्रिक्सचा व्यस्त सरासरीने मोठाच येतो. शंभर स्वतंत्र नमुने असते तर त्याला ८३ भागिले ९९, म्हणजे सुमारे ०.८४ ने गुणावे लागले असते. जॅकनाइफचे नमुने स्वतंत्र नसल्याने हा गुणक इथे अंदाजापुरताच आहे, आणि अहवालात तसेच लिहायला सांगितले.

सर्वांत बोलके ठरले ते काही शेजारी तुकडे. ते वगळले की १० मेगापार्सेकच्या पुढची वक्ररेषा ठळकपणे खाली बसते. नकाशा पाहिला तर तिथे ०.०८ ताम्रसृतीच्या आसपास स्लोनची महाभिंत ही दीर्घिकांची प्रचंड रचना आहे. रिचर्ड गॉट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जाहीर केलेली, १३७ कोटी प्रकाशवर्षे लांबीची. आमच्या अख्ख्या नमुन्यात अशी रचना एकच आहे. विश्वात ती सरासरीने किती वेळा आढळते हे एका उदाहरणावरून सांगता येत नाही, आणि यादृच्छिक बिंदू दसपट केले काय किंवा शंभरपट केले काय, ही अनिश्चितता कमी होणार नाही. त्यासाठी अधिक मोठे घनफळच हवे.

२० जानेवारी २०२५

महाभिंतीवरून विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न योग्य होता : ती खरी एकसंध रचना आहे, की लहान रचना योगायोगाने एका ओळीत आल्या आहेत? द्विबिंदू फल याचे उत्तर देऊ शकत नाही. ते फक्त जोड्या जाणते. जोड्यांची संख्या तीच ठेवून तंतू (इथे दीर्घिकांच्या लांब माळा, प्रकाशतंतू नव्हेत) आणि पोकळ्या पुसून टाकलेली मांडणीही तयार करता येते.

यासाठी आपल्याकडच्याच संशोधकांचा हात असलेली आणि साध्या संगणकावर चालणारी एक पद्धत आहे. दीर्घिकांच्या पातळ कापाचे ठरावीक लांबीचे चौकोन पाडायचे, ते फिरवून एकमेकांच्या जागी टाकायचे, आणि तंतूंची लांबी पुन्हा मोजायची. चौकोनापेक्षा लांब असलेल्या खऱ्या रचना यात तुटतात. तरीही तितकेच लांब तंतू दिसत राहिले तर ते योगायोगाचे. सोमनाथ भारद्वाज, सुकेतु भावसार आणि जतुष शेठ यांनी २००४ मध्ये लास कॅम्पानास सर्वेक्षणाच्या सहा कापांवर असे केले. एका कापात ७० ते ८० मेगापार्सेकपर्यंतचे आणि इतर पाचांत ५० ते ७० पर्यंतचे तंतू संख्याशास्त्रीयदृष्ट्या खरे ठरले. त्याहून लांब दिसणारे योगायोगाने जुळलेले निघाले.

आमच्या नमुन्याच्या एका कापावर विद्यार्थी हे करत आहे. मूळ आराखड्यात ते नव्हते, पण थांबवण्याचे कारण दिसत नाही.

१२ फेब्रुवारी २०२५

छोटी नोंद. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील जॉयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला सरस्वती महासमूह आमच्या नकाशात का नाही, असे पाहुणे म्हणून आलेल्या शाळेच्या मुलांनी विचारले. तो ०.२८ ताम्रसृतीवर आहे, आम्ही ०.१ वर थांबतो.

२१ मार्च २०२५

परवा, १९ मार्चला, डेसी या नव्या दीर्घिका-सर्वेक्षणाच्या माहितीची पहिली मुख्य आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. अॅरिझोनातील किट पीकवरच्या चार मीटर दुर्बिणीवर पाच हजार तंतू यंत्रमानवांनी हलवले जातात. छिद्रे पाडलेल्या चकत्यांचा काळ संपला. साहजिकच विद्यार्थ्यांना आता आपल्या रेषेतही १०० मेगापार्सेकजवळचा तो प्रसिद्ध उंचवटा शोधायचा आहे, जो विश्वाच्या सुरुवातीच्या तप्त द्रव्यातील ध्वनिलहरींची खूण आहे. आमची रेषा तिथपर्यंत वाढवली तर तिथे एक उंचवटा दिसतोही.

तो अहवालात उंचवटा म्हणून द्यायचा नाही, असे आज ठरले, आणि त्याचे गणित विद्यार्थिनींनीच मांडले. त्या अंतरावरचे आधिक्य अवघे एक टक्क्याच्या आसपास असते. डॅनियल आयझेन्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ते याच सर्वेक्षणात पकडले, तेव्हा त्यांनी ४६,७४८ दीर्घिका वापरल्या, म्हणजे आमच्याहून कमी. पण त्या अतितेजस्वी लाल दीर्घिका असल्याने ०.४७ ताम्रसृतीपर्यंत पसरलेल्या होत्या आणि त्यांनी व्यापलेले घनफळ ०.७२ घन गिगापार्सेक (एक गिगापार्सेक म्हणजे हजार मेगापार्सेक) होते. आमचे घनफळ सुमारे ७,५०० चौरस अंश आणि २९३ मेगापार्सेक धरून ०.०२ घन गिगापार्सेकच्या जवळ येते, त्यांच्या तीन टक्के. तेवढ्या जागेत १०० मेगापार्सेक अंतराच्या स्वतंत्र रचना फार थोड्या मावतात. महाभिंतीचे तुकडे वगळले की आमचा उंचवटा जागचा हलतो, आणि जॅकनाइफच्या त्रुटी त्याच्याहून मोठ्या आहेत.

अहवालात वक्ररेषा ०.१ ते २० मेगापार्सेकपर्यंत छापायची, महाभिंतीसह आणि तिच्याविना अशा दोन्ही. यादृच्छिक बिंदूंची यादी आणि ती तयार करणारी आज्ञावली परिशिष्टात पूर्ण द्यायची, म्हणजे पुढच्या वर्षीच्या गटाला डेसीच्या यादीवर काम करताना सीमांचा नकाशा तेवढा बदलावा लागेल.